डिस्प्ले येत नाही: चित्र वाटेत नेमकं कुठे अडलं, ते कसं शोधायचं

गेल्या जूनमध्ये चिपळूणहून मावशीचा फोन आला. ती बचतगटाचे हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर ठेवते आणि दुसऱ्या दिवशी बँकेत द्यायचा अहवाल त्यातच होता. "अरे, बटण दाबलं की दिवा लागतो, पंखाही फिरतो, पण डिस्प्लेच येत नाही. इथला दुकानदार म्हणतो मॉनिटर गेला, नवीन घ्या. घेऊ का?"

मी म्हटलं, "थांब जरा. मॉनिटरमधून कॉम्प्युटरकडे जाणारी केबल मॉनिटरच्या बाजूने काढ. विजेची वायर राहू दे. आता मॉनिटर बंद करून परत चालू कर आणि काय दिसतं ते सांग."

"काहीतरी इंग्रजीत आलं बघ. 'नो सिग्नल'."

"मग तुझा मॉनिटर ठणठणीत आहे. पैसे घालू नकोस."

एवढ्या एका चाचणीने मावशीचे काही हजार रुपये वाचले. ही चाचणी करायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही आणि कॉम्प्युटरचं शिक्षणही लागत नाही. तरीही पडदा काळा राहिला की बहुतेक घरांत पहिला संशय मॉनिटरवरच जातो, कारण अंधार तिथे दिसतो. अंधार कुठे दिसतोय यापेक्षा चित्र कुठपर्यंत येऊन थांबलंय, हे शोधायला हवं.

नळ कोरडा म्हणून कुणी नळ बदलत नाही

स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी आलं नाही तर आपण काय करतो? न्हाणीघरातला नळ सोडून बघतो. तिथेही नसेल तर गच्चीवरची टाकी बघतो, मग मधला व्हॉल्व्ह बघतो. नळ बिघडला असेल असं सगळ्यात शेवटी वाटतं.

चित्राचंही तसंच आहे. चित्र तयार होतं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये, ज्याला आपण घरोघरी 'सीपीयू' म्हणतो. ती टाकी. तिथून ते केबलमधून येतं, तो पाइप. आणि मॉनिटर हा नळ. टाकी रिकामी असो, पाइप तुंबलेला असो की नळ अडकलेला असो, खाली ठेवलेली बादली कोरडीच राहते. म्हणून 'डिस्प्ले येत नाही' हे एका बिघाडाचं नाव नव्हे. पाच-सहा वेगवेगळ्या बिघाडांचं ते एकच लक्षण आहे.

तपासायला नळाच्या टोकाकडून सुरुवात करावी, कारण ते टोक सगळ्यात सोपं आहे.

पण मॉनिटरचा दिवा तर पेटतोय!

दिवा पेटतो याचा अर्थ मॉनिटरला वीज मिळतेय, इतकाच. तो पूर्ण जागा आहे असं त्यावरून ठरत नाही. बऱ्याच मॉनिटरमध्ये दिवा निळा किंवा पांढरा असेल तर चित्र येतंय आणि केशरी असेल किंवा लुकलुकत असेल तर मॉनिटर झोपलाय, अशी खूण असते. कंपनीप्रमाणे रंग बदलतात. केशरी दिवा दिसला तर घाबरू नका. चित्र आलं नाही म्हणून मॉनिटरने वीज वाचवायला डोळे मिटले आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

दिवा अजिबात लागत नसेल तर आधी विजेचा मार्ग बघा. कॅबिनेटची आणि मॉनिटरची वायर बहुतेक वेळा एकाच प्रकारची असते. दोन्ही आपसांत बदलून बघा. एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावून बघा. काही मॉनिटरना लॅपटॉपसारखा वेगळा अडॅप्टर असतो आणि मॉनिटरच्या आधी तो अडॅप्टरच जातो, हे मी अनेकदा पाहिलंय.

दिवा लागत असेल तर मावशीवाली चाचणी करा. चित्राची केबल काढून मॉनिटर चालू करा. 'नो सिग्नल', 'चेक केबल' असं काही किंवा कंपनीचं चिन्ह उमटलं, तर त्या दोन-चार सेकंदांत खूप काही सिद्ध होतं. तो संदेश कॉम्प्युटरने पाठवलेला नसतो. मॉनिटरच्या आतली छोटी चिप तो स्वतः तयार करते. म्हणजे मॉनिटरची वीज, चिप, पडदा आणि पडद्यामागचा उजेड हे चारही नीट आहेत. केबल काढायची ती एवढ्याचसाठी. ती लावलेली असली तर काही मॉनिटर संदेश न दाखवताच झोपी जातात.

संदेश आला नाही तर मॉनिटरची मेन्यूची बटणं दाबून बघा. तरीही काहीच उमटलं नाही तर दोष मॉनिटरमध्येच असण्याची शक्यता मोठी आहे. त्याकडे शेवटी येतो.

आणखी एक सोपा मार्ग आहे, तो सहसा कुणाला सुचत नाही. घरात टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स असेल तर त्याच्या एचडीएमआय केबलने मॉनिटरला बॉक्स लावून बघा आणि कॉम्प्युटरला टीव्ही लावून बघा. हेच न्हाणीघरातला नळ सोडून बघणं.

पाइपमध्ये काय काय अडकतं

मॉनिटर ठीक निघाला की केबलकडे या. दिवाळीच्या साफसफाईनंतर किंवा घर बदलल्यावर डिस्प्ले गेला असेल, तर माझा पहिला संशय नेहमी इथेच असतो.

सगळ्यात साधी चूक 'इनपुट'ची. मॉनिटरला मागे दोन-तीन सॉकेट असतात आणि नेमकं कुठल्या सॉकेटकडे बघायचं हे मॉनिटरला सांगावं लागतं. केबल एचडीएमआयमध्ये आहे आणि मॉनिटर व्हीजीएकडे डोळे लावून बसलाय, असं झालं की सगळं ठीक असूनही पडदा काळा राहतो. मॉनिटरच्या बटणांमध्ये 'इनपुट' किंवा 'सोर्स' शोधा आणि एकेक पर्याय हाताने निवडून बघा. 'ऑटो'वर विसंबू नका.

दुसरी चूक कॅबिनेटच्या बाजूची. ज्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलंय, म्हणजे चित्र काढण्याचं काम करणारा स्वतंत्र भाग, अशा कॅबिनेटच्या मागे चित्राची सॉकेट दोन जागी असतात. वर यूएसबीच्या जोडीला उभी दिसतात ती मदरबोर्डची, म्हणजे आतले सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पट्टीची. खाली आडव्या पट्टीत असतात ती ग्राफिक्स कार्डची. केबल खालच्याच सॉकेटला हवी. कार्ड बसवलं की वरची सॉकेट अनेकदा आपोआप बंद होतात. शिवाय प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आणि इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यांच्यात चित्र काढायची सोयच नसते. तिथे वरच्या सॉकेटमधून कधीच काही येणार नाही.

केबलचा प्रकारही बिघाडाबद्दल बरंच सांगतो. निळ्या टोकाची, दोन बाजूंनी स्क्रू पिळायची ती व्हीजीए केबल. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली ही पद्धत सरकारी कार्यालयांत आणि शाळांच्या संगणक कक्षांत अजून दिसते. तिच्यात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या तारा वेगवेगळ्या असतात. म्हणून एखादी तार सैल झाली तर चित्र जात नाही, ते पिवळं किंवा गुलाबी दिसायला लागतं. अशी रंगाची तक्रार असेल तर केबल काढा, १५ पिनांपैकी एखादी वाकली आहे का बघा आणि पुन्हा लावून दोन्ही स्क्रू घट्ट पिळा.

एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या डिजिटल केबल आहेत. त्यांच्यात चित्र अर्धवट राहण्याचे प्रसंग कमी, बहुधा ते येतं तरी किंवा जातं तरी. चित्र पाठवण्याआधी दोन्ही टोकांची ओळखही पटावी लागते. मॉनिटर आपली माहिती देतो, 'मी अमुक, मला इतक्या आकाराचं चित्र झेपतं', आणि ती वाचूनच कॉम्प्युटर चित्र पाठवतो. ही ओळख अर्धवट राहिली तर केबल चांगली असूनही अंधार असतो. म्हणून दोन्हीकडची वीज पूर्ण बंद करून मिनिटभर थांबायचं, मग आधी मॉनिटर आणि नंतर कॉम्प्युटर चालू करायचा. हा उपाय अंधश्रद्धा वाटतो, पण त्याला हे खरं कारण आहे.

कन्व्हर्टरबाबत मात्र सावध राहा. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल एकाच दिशेने चालते. कॉम्प्युटरच्या बाजूला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरच्या बाजूला एचडीएमआय, हीच दिशा. उलटी लावली तर काही येत नाही. आणि लॅपटॉपला यूएसबी-सी सॉकेट आहे म्हणून त्यातून चित्र येईलच असं नाही. मोबाइल चार्ज करायच्या बऱ्याच केबलमधून चित्र जातच नाही.

पंखा फिरतोय म्हणजे कॉम्प्युटर चालू आहे ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि सगळ्यात मोठा गैरसमजही हाच आहे. पंख्याला फिरायला फक्त वीज लागते. गाडीचे हेडलाइट लागले म्हणून इंजिन सुरू झालं असं आपण म्हणत नाही, तसंच हे.

बटण दाबल्यावर कॉम्प्युटर आधी स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, चित्र काढणारा भाग आहे का? रॅम म्हणजे काम करताना कॉम्प्युटर कागद पसरतो ते टेबल. टेबलच नसेल तर कारकून कामाला बसणार कुठे? म्हणून रॅमशी नीट संपर्क झाला नाही तर तपासणी तिथेच थांबते. चित्र काढायची वेळ येतच नाही. पंखे फिरत राहतात, दिवे लागलेले राहतात आणि पडदा काळा.

कॉम्प्युटर खरंच सुरू झालाय का, हे कळायला कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा छोटा दिवा प्रत्येक वेळी लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर काम करतोय आणि फक्त चित्र बाहेर येत नाहीये, म्हणजे पुन्हा केबल आणि सॉकेटकडे जायचं. दिवा हलतच नसेल तर गाडी तपासणीतच अडकली आहे. जुन्या मशिनमधून अशा वेळी ठरावीक बीप ऐकू येतात. नव्या मदरबोर्डवर बहुधा भोंगा नसतो, पण अनेकांवर चार बारीक दिवे असतात. सीपीयू (इथे कॅबिनेट नव्हे, प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (इथे केबल नव्हे, चित्र काढणारा भाग) आणि बूट (विंडोज सुरू होणं) अशी नावं त्यांच्याशेजारी छापलेली असतात. ज्यावर दिवा थांबला, तिथे घोडं अडलं.

मावशीच्या कॅप्स लॉकचा दिवा हलला नाही. जून, चिपळूण आणि वर्षभर न उघडलेलं कॅबिनेट. मी तिला रॅमकडे नेलं.

रॅमच्या पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात. त्यांवरचा मुलामा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. मशिन रोज तापतं आणि निवतं, त्यात पट्टी किंचित हलते. धूळ बसते, पावसाळ्यात दमट हवा त्या धुळीला चिकट करते आणि दात व खाच यांच्यामध्ये एक पातळ थर तयार होतो. संपर्क तुटायला तेवढा पुरतो. पहिल्या पावसानंतर कोकणातून असे फोन वाढतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

करायचं ते असं. सगळ्या वायरी काढा. कॅबिनेटचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बाजूचं झाकण उघडा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज रॅमवर उतरत नाही. रॅमच्या टोकाची खिटी दाबून पट्टी कडांना धरून उचला. सोनेरी दातांना बोट लावू नका. खाचेतली धूळ मऊ ब्रशने झाडा. दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं उत्तम. आपल्याकडे सगळे खोडरबर वापरतात. माझी त्याला ना नाही, पण पांढरा मऊ खोडरबर घ्या, हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा आणि त्याचा भुगा खाचेत पडू देऊ नका. मग पट्टी 'टक्' आवाज येईपर्यंत सरळ दाबा. दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावून मशिन चालू करा. नाही आलं तर दुसरी लावून बघा, मग खाच बदलून बघा. यातूनच खराब पट्टी किंवा खराब खाच हाती लागते.

मावशीने फोन स्पीकरवर ठेवून हे सगळं केलं. पहिल्यांदा पट्टी पूर्ण दाबली गेली नव्हती, दुसऱ्यांदा 'टक्' वाजलं. पंचविसाव्या मिनिटाला पडद्यावर विंडोज उघडलं. तिने तो फोटो मला पाठवला, अजून माझ्याकडे आहे.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढलेत. म्हणून 'रॅम गेली' असं कुणी सांगितलं तर ती काढून, पुसून, दुसऱ्या खाचेत लावून बघितली का, हे आवर्जून विचारा.

नव्याने जोडलेल्या, डीडीआर५ म्हणजे नव्या पिढीच्या रॅमच्या मशिनबाबत एक वेगळी गोष्ट आहे. पहिल्यांदा चालू केल्यावर ते रॅमशी जुळवून घेतं आणि त्यात काही मिनिटं जाऊ शकतात. तेवढा वेळ पडदा काळाच असतो. घाईने बटण बंद करू नका.

एवढं करूनही नाही आलं तर मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी, सीआर२०३२, वीज बंद असताना पाच-दहा मिनिटं काढून ठेवा. त्यामुळे मशिनच्या मूळ सेटिंग पुसल्या जातात आणि चुकीच्या सेटिंगमुळे अडलेलं मशिन कधी कधी सुटतं.

कंपनीचं नाव दिसतं, मग अंधार होतो

हे वाईट वाटलं तरी बातमी चांगली आहे. मॉनिटरच्या नव्हे, कॉम्प्युटरच्या कंपनीचं नाव दिसलं म्हणजे मॉनिटर, केबल, रॅम सगळं पास झालं. आता दोष बहुधा विंडोजच्या सेटिंगचा किंवा ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्सच्या भागाशी कसं बोलायचं हे विंडोजला शिकवणारा प्रोग्राम.

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, पडदा क्षणभर लुकलुकतो. लॅपटॉपला पूर्वी प्रोजेक्टर लावला असेल तर चित्र 'फक्त दुसऱ्या पडद्यावर' पाठवलेलं असू शकतं. विंडोज आणि पी दाबून ते बदलतं. 'आउट ऑफ रेंज' असा संदेश आला तर मॉनिटरला न झेपणाऱ्या मापाचं चित्र पाठवलं जातंय. अशा वेळी सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर, मशिन सुरू करून माप कमी करायचं.

माझा डेटा गेला का?

नाही. फाइली हार्ड डिस्कवर असतात आणि चित्र न येण्याशी डिस्कचा संबंध नसतो. दिवे गेले म्हणून कपाटातल्या वह्या कोऱ्या होत नाहीत. सुरुवातीपासूनच काळ्या असलेल्या पडद्यासाठी कुणी 'फॉरमॅट मारावा लागेल' म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. काम तातडीचं असेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावता येते. अहवाल, प्रबंध, लग्नाचे फोटो सगळं तिथेच असतं.

चित्र आहे, पण उजेड नाही

आता उरला खुद्द मॉनिटरचा दोष. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. पडद्यामागे दिवा असतो, त्याच्या पुढे बाहुली, आणि आपल्याला पडद्यावर आकृती दिसते. दिवा विझला तर बाहुली तिथेच असते, हलतही असते, पण आपल्याला काही दिसत नाही. एलसीडी मॉनिटर अगदी तसाच चालतो. त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. मागचे एलईडी दिवे उजेड देतात आणि पुढचा पडदा तो अडवून किंवा सोडून चित्र घडवतो.

म्हणून खोलीत अंधार करा, मॉनिटर कॉम्प्युटरला जोडून चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. पुसटशी खिडकी, अक्षरं दिसली तर चित्र शाबूत आहे, मागचा उजेड गेलाय. ही दुरुस्ती चांगला कारागीर करू शकतो. चालू व्हायला दहा-दहा मिनिटं घेणाऱ्या किंवा एकदा दिसून लगेच विझणाऱ्या जुन्या मॉनिटरमध्ये वीज पुरवणाऱ्या पट्टीवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, बहुधा फुगलेले असतात. ते सुटे भाग स्वस्त असतात आणि बदलून मिळतात. पडदाच फुटला असेल तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालू नका. नवा पडदा बहुधा नव्या मॉनिटरच्या जवळपास किमतीला पडतो.

हे काम स्वतः करू नका, हे मी कळकळीने सांगतो. कॅबिनेटचं झाकण उघडणं वेगळं आणि मॉनिटरची पाठ किंवा कॅबिनेटमधला एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणारा डबा उघडणं वेगळं. २३० व्होल्टची घरची वीज आत गेल्यावर साधारण ३२५ व्होल्टच्या रूपात कपॅसिटरमध्ये साठते आणि वायर काढल्यावरही काही काळ तिथे राहते. जुन्या, पोट असलेल्या काचेच्या मॉनिटरमध्ये तर वीस हजार व्होल्टच्या वर वीज असते.

दुकानात जाताना

'डिस्प्ले येत नाही' एवढंच सांगितलं की पुढचं सगळं समोरच्याच्या मनावर राहतं. त्याऐवजी चार गोष्टी सांगा. केबल काढल्यावर मॉनिटरवर संदेश येतो की नाही. कॅप्स लॉकचा दिवा हलतो की नाही. बीप किंवा मदरबोर्डवरचा दिवा कुठे थांबतो. टीव्हीला लावल्यावर काय झालं. संदेश येत असेल तर मॉनिटर घरीच ठेवा आणि फक्त कॅबिनेट न्या. संदेश येत नसेल तर फक्त मॉनिटर न्या. मावशी आता शेजाऱ्यांच्या मशिनची पहिली तपासणी स्वतः करते. परवा तिने तळमजल्यावरच्या काकांना कॅबिनेट उचलूच दिलं नाही. त्यांची केबल वरच्या सॉकेटमध्ये होती.